खुर्दाचे बुद्रुक

महाराष्ट्रातील गावांच्या नावांपुढे लागणारे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले असून पहिल्याचा अर्थ 'थोरले' आणि दुसऱ्याचा 'धाकटे' असा होतो, हे बहुतेकांना शाळेत न शिकवताही ठाऊक असते. मात्र याच दोन शब्दांत एका आधुनिक कलेची संपूर्ण व्याख्या बसते, याकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. ती कला म्हणजे मॅक्रो छायाचित्रण. खुर्द वस्तूचे बुद्रुक चित्र करणे एवढेच तिचे प्रयोजन असल्यामुळे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज बुद्रुकचे शिवार, जेथे कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके व त्यांच्यावर पोसला जाणारा असंख्य खुर्द समाज एकत्र नांदतो, या कलेच्या शिक्षणाला सर्वार्थाने सोयीचे ठरते. विषय शोधत फिरावे लागत नाही. तो पानाच्या खालच्या अंगाला बसलेलाच असतो, आणि त्याने तेथून जावे यासाठी दरवर्षी बराच खर्चही केला जातो.

तांत्रिक भाषेत मॅक्रोचा अर्थ असा, की वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे पूर्वीच्या फिल्मची जागा घेतलेल्या प्रकाशग्राही चकतीवर, उमटली पाहिजे; या नात्याला 'एकास एक प्रमाण' म्हणतात. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि कपाशीवरचा तुडतुडा, म्हणजे पानातला रस शोषणारा फिकट हिरवा किडा, जेमतेम ३ मिलिमीटर लांब भरतो. तेव्हा एकास एक प्रमाणाची महागडी लेन्स लावूनही तुडतुडा चित्राच्या रुंदीचा बारावा हिस्सा व्यापणार आणि उरलेल्या अकरा हिश्शांत कपाशीचे पानच दिसणार, हे त्रैराशिक सातवीतल्या मुलालाही सुटण्यासारखे आहे. नवशिके मात्र ते लेन्सचा पहिला हप्ता भरल्यानंतर सोडवतात.

नावाचा घोळही लहान नाही. 'मॅक्रो' या ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा असा असताना तो बारीकसारीक वस्तूंच्या छायाचित्रणाला चिकटला, आणि निकॉन या जपानी कंपनीने तर आपल्या या जातीच्या लेन्सना 'मायक्रो', म्हणजे सूक्ष्म, असे नेमके उलटे नाव दिले. १९५६ साली आलेली तिची पहिली मायक्रो लेन्स कीटकांसाठी नव्हतीच. जपानी कागदपत्रे मायक्रोफिल्मवर उतरवताना कांजी लिपीतल्या दाटीवाटीच्या रेघा एकमेकींत मिसळून जात, त्यावर काढलेला तो उपाय होता. या विद्येचा एक झरा अशा रीतीने रानात नसून दप्तरखान्यात उगम पावतो, आणि सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना ज्याने एकदा तरी मन लावून वाचला आहे, त्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा घेते ती स्पष्टतेची खोली. लेन्सपासून एका ठरावीक अंतरावरची वस्तू अगदी रेखीव दिसते आणि तिच्या पुढेमागे थोड्याशा टापूत ही रेखीवता टिकून राहते, त्या टापूला हे नाव आहे. लग्नातील सामुदायिक छायाचित्रात हा टापू एवढा ऐसपैस असतो, की पहिल्या रांगेतील वरमाईपासून मागच्या भिंतीवरच्या आहेराच्या यादीपर्यंत सारे वाचता येते. एकास एक प्रमाणात मात्र लेन्सचे छिद्र बऱ्यापैकी बारीक करून, म्हणजे एफ/८ वर ठेवूनही, हा टापू सुमारे १ मिलिमीटरवर येतो. मोहरीचा दाणाही यात पुरता मावत नाही. परिणामी तुडतुड्याचा डोळा रेखीव आला तर पंख धूसर, पंख साधले तर डोळा गेला, आणि दोन्ही साधले तर तो तुडतुडा नसून पानावरचा डाग होता, हे घरी संगणकावर पाहताना कळते. छिद्र आणखी बारीक केल्यास खोली वाढते खरी, परंतु अतिबारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो व सगळेच चित्र सारख्या प्रमाणात मऊ होते, म्हणजे कोणावरही अन्याय न होता सर्वांचेच नुकसान होते. शिवाय या प्रमाणात लेन्स सेन्सरपासून दूर सरकत असल्याने आत पोचणारा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. जेथे उजेड सर्वांत जास्त हवा, तेथेच तो चारआणे मिळतो.

एक मिलिमीटरच्या या जहागिरीत राहायचे, तर हलून चालत नाही. लेन्सचे टोक आणि किडा यांच्यात वीतभरही अंतर नसते, त्यामुळे छायाचित्रकाराचा श्वास हे वादळ ठरते आणि त्याची छाती वरखाली होणे हा भूकंप. अनुभवी मंडळी सांगतात, की श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घेण्यापूर्वी जी क्षणभराची विश्रांती असते, त्या अवस्थेत बटण दाबावे. योगशास्त्रात हिलाच बाह्य कुंभक म्हणतात, फरक इतकाच की योगी तो आसनावर साधतो आणि मॅक्रोचा विद्यार्थी काळ्या मातीत पालथा पडून. त्यातही तिपाई हे साधन शहरी पुस्तकांत अनिवार्य म्हणून सांगितलेले असले, तरी श्रावणातल्या काळ्या रानात तिचे तिन्ही पाय वेगवेगळ्या मुहूर्तावर रुतत जातात आणि बाहेर येताना एकेका पायाला अर्धा किलो वावर घेऊन येतात. यावर स्थानिक उपाय असा, की तिपाई घरी ठेवावी, एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, झाडाशेजारी रोवावी, तिला कपडे वाळत घालण्याचा चिमटा बांधावा आणि वाऱ्याने डोलणारे पान त्यात हलकेच धरावे. याच कामासाठी परदेशी बाजारात लवचिक दांड्याचे खास चिमटे मिळतात. ते तुराटीपेक्षा अधिक चांगले चालतात असे मानण्यास आधार नाही.

वाऱ्याचा प्रश्न मिटला की प्रकाशाचा उभा राहतो. उघड्या फ्लॅशचा उजेड चकचकीत पाठीच्या किड्यावर पडला, की पांढरा ठिपका उमटून त्याला आरशाचे रूप येते. म्हणून फ्लॅशपुढे डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश गाळून पसरवणारा पडदा, धरावा लागतो. यासाठी थर्माकोलच्या ताटापासून दुधाच्या पिशवीपर्यंत सर्व काही वापरून झालेले आहे. युरियाच्या पांढऱ्या पोत्याचा तुकडाही हे काम करतो, आणि त्याचा उरलेला भाग गुडघ्यांखाली घेता येतो, त्यामुळे शेतीखात्याबाहेर अनुदानित खताचा इतका परिपूर्ण उपयोग दुसरा कोणी करत असेल असे वाटत नाही.

या स्थितीत, म्हणजे कपाशीच्या दोन तासांमध्ये पोत्यावर पालथा पडून श्वास रोखलेल्या अवस्थेत, माणूस फार काळ एकटा राहू शकत नाही. धुऱ्यावरून जाणारा पहिला वाटसरू "काय हरपलं भाऊ?" असे विचारतो, दुसरा लांबूनच साप आहे का याची चौकशी करतो आणि तिसरा काहीही न विचारता शेजारी उकिडवा बसून त्याच पानाकडे पाहू लागतो, ज्यामुळे त्याची सावली पानावर पडते. पुढचा संवाद ठरलेला असतो. "फोटो काढून रायलो." "कायचा?" "तुडतुड्याचा." "त्याचा फोटू काढून काय करता? फवारा मारा ना!" या सूचनेत उपहास नसतो, ती निखळ मदत असते, आणि विषयाची उपयुक्तता तपासण्याची याहून थेट कसोटी कलासमीक्षेला अद्याप सापडलेली नाही.

कॅमेरा घेतलेल्या माणसाबद्दल गावाचा आणखी एक समज असतो, तो म्हणजे हा विम्याचा किंवा पंचनाम्याचा माणूस असावा. पीक विम्यात स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतःच मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंदवतो, त्यामुळे वऱ्हाडात छायाचित्र ही हौस नसून पुरावा आहे. साहजिकच तुडतुड्यापुढे लोटांगण घातलेल्या माणसाला शेजारच्या वावरातून हाक येते, की साहेब, इकडची पऱ्हाटी जास्त खराब आहे, हिचाही काढा. येथे छायाचित्रकाराने आपण साहेब नसल्याचे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे. ते दुसऱ्या वाक्यापर्यंत लांबवल्यास चहा येतो, आणि चहा झाल्यावर सांगणे कोणत्याच संस्कृतीत सोपे नसते.

मॅक्रोतील प्रगतीचे टप्पे सर्वत्र सारखेच आढळतात. आरंभी विद्यार्थी जास्वंदीच्या फुलावर फवारणीच्या पंपाने पाणी शिंपडून त्याला दव म्हणतो. मग तो मुंगळ्याला फ्रीजमध्ये थंड करून शांत बसवण्याचा प्रयत्न करतो, जो लोणच्याच्या बरणीशेजारची डबी घरातील कोणी उघडेपर्यंत यशस्वी ठरतो. त्यानंतर त्याला यंत्रसामग्रीचा आजार जडतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, साधी लेन्स उलटी जोडण्याचे कडे, पुढे लावायचे जाड भिंग, असे सारे एकापाठोपाठ येत राहते. यांपैकी नळ्यांचा हिशेब तेवढा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे ५० मिलिमीटर नळ्या लावल्या, की एकास एक प्रमाण हाती येते आणि त्या नळ्यांत काच नसल्याने, म्हणजे हवाच विकत घेतलेली असल्याने, खर्च बेताचा राहतो. ज्याने हा हिशेब लेन्स घेण्याआधी केला तो विरळा.

त्यापुढची पायरी फोकस स्टॅकिंगची, ज्याला साध्या मराठीत थप्पी लावणे म्हणता येईल. प्रत्येक वेळी स्पष्टतेचा टापू केसभर पुढे सरकवत तीस-चाळीस छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातला रेखीव भाग तेवढा निवडून संगणकाकरवी एकच चित्र जुळवायचे, ही पद्धत स्थिर वस्तूवर उत्कृष्ट चालते. जिवंत किड्याने सतराव्या आणि अठराव्या छायाचित्रांच्या दरम्यान मिशी हलवली, तर थप्पीतून चार मिशांचा जीव बाहेर पडतो. म्हणून थप्पी लावणारे पहाटे उठतात, कारण कीटकांचे शरीर बाहेरच्या हवेइतकेच गार असते व उन्हे अंगावर येईपर्यंत त्यांना धड उडता येत नाही. कार्तिकातल्या गार पहाटे तुरीच्या शेंड्यावर पंखभर दव घेऊन झोपलेला चतुर हा या कलेतील सर्वांत सहनशील विषय होय. त्याच्या प्रत्येक संयुक्त डोळ्यात सुमारे ३०,००० सूक्ष्म भिंगे असू शकतात, आणि तरीही तो समोरच्या एका भिंगवाल्याकडे, ज्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत, कसलीही तुच्छता न दाखवता पाहत राहतो.

मृगाच्या किड्याचे प्रकरण याहून वेगळे. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर मृग नक्षत्रात जमिनीवर येणारा हा लालभडक मखमली जीव सहा नव्हे तर आठ पायांचा असून शास्त्राच्या दृष्टीने तो कोळी-गोचिडांचा नातलग ठरतो, तरीही त्याला किडा म्हणणे कोणी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पेरणीचा सांगावा आणणारा म्हणून गावाला त्याचे कौतुक. छायाचित्रकाराला तो प्रथमदर्शनी वरदान वाटतो, कारण रंग देखणा, चाल संथ. पण त्याचा तांबडा रंग इतका गडद असतो, की कॅमेऱ्याच्या सेन्सरला त्यातले बारकावे पेलवत नाहीत आणि मखमलीचा एकेक केस दिसण्याऐवजी कुंकवाचा एक सपाट ठिपका उमटतो. उजेड कमी धरून, चित्र मुद्दाम थोडे काळोखे घेतले, तर केस सुटे होतात. हे कळायला बहुधा दोन मृग जातात, कारण पहिल्या वर्षी चूक ध्यानात येईपर्यंत पाऊस उघडतो आणि किडे मातीत परततात.

एवढा खटाटोप करून शेवटी जे दिसते, ते शेतकऱ्याला आधीपासून दिसत असते, ही या विद्येतील अडचणीची बाब आहे. डेल्फ्ट शहरातील लेवेनहूक हा सतराव्या शतकातला कापडाचा व्यापारी होता. कापडातले धागे भिंगाखाली तपासणे हा त्या धंद्याचा भाग होता आणि त्याच वाटेने तो पाण्याच्या थेंबातील जीवांपर्यंत पोचला, असे विज्ञानाचा इतिहास सांगतो. कापसाच्या प्रदेशात या कथेचे नवल वाटू नये. सरकीला चिकटलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा आणि धाग्याची लांबी मिलिमीटरपर्यंत अंदाजाने सांगायची, हे कापसाच्या बाजारात नुसत्या डोळ्यांनी चालत आलेले आहे. तुडतुड्यांची मोजणीही तशीच. झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान हळूच उलटायचे आणि सरासरी पानामागे दोन-तीन तुडतुडे भरले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडू लागतो ती मर्यादा, गाठली असे समजायचे. पान उलटताच तुडतुडा तिरपा चालत दुसऱ्या बाजूला जातो. छायाचित्रकार याला विषयाचे असहकार्य म्हणतो, तर शेतकरी त्या तिरप्या चालीवरूनच किडा ओळखून मोकळा होतो.

शत्रुकीटक आणि मित्रकीटक ही कृषिशास्त्राची विभागणीही छायाचित्रकाराच्या आवडीच्या बरोबर आड येते. पीक खाणारा तो शत्रू आणि त्या शत्रूला खाणारा तो मित्र, एवढाच तिचा अर्थ. परंतु निसर्गाने रूपाचे वाटप करताना हा तक्ता पाहिलेला दिसत नाही. कपाशीच्या बोंडावरचा तांबडा ढेकूण नवरदेवासारखा सजलेला, आणि तो शत्रू. लेडीबर्ड भुंग्याची अळी काटेरी, काळपट, सुसरीच्या पिलासारखी, आणि ती दिवसभर मावा खाऊन शेतकऱ्याचे पैसे वाचवते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या तक्त्यांवर हे सारे जीव वीतभर आकाराचे छापलेले असतात. खुर्दाचे बुद्रुक करण्याचे पहिले प्रदर्शन गावोगावी त्या तक्त्यांनीच मांडले, फक्त त्यात शीर्षकाऐवजी औषधाची मात्रा लिहिलेली होती.

दोन नजरांमधला हा फरक सर्वांत उघडा पडतो तो डोमकळीपाशी. कपाशीचे फूल उमलते तेव्हा फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते, हा क्रम. पण पात्या आणि फुले लागण्याच्या दिवसांत एखादे फूल उमलता उमलता थांबलेले आढळते. त्याच्या पाकळ्या एकमेकींत गुंतून, पीळ घेऊन, गुलाबाच्या अर्ध्या उमललेल्या कळीसारख्या दिसतात. जवळ गेल्यावर पाकळ्यांच्या काठांना जोडणारा बारीकसा रेशमी धागा दिसतो, कडेला क्वचित विष्ठेचे कण, आणि कोवळ्या उन्हात हे सारे इतके सुबक भासते, की मॅक्रोचा विद्यार्थी तेथे पाऊण तास घालवतो, थप्पी लावतो आणि चित्राला 'अर्धोन्मीलन' असे नाव ठरवून उठतो. मागे उभा राहिलेला शेतकरी एकच वाक्य बोलतो. "डोमकयी हाये ते." आत गुलाबी बोंडअळी आहे, तिनेच तो धागा विणून पाकळ्या शिवून घेतल्या आहेत आणि फुलातले पराग खाऊन तिची पुढची पिढी बोंडांवर जाणार आहे. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातली कपाशी पोखरली होती, त्यामुळे ते वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते हे ऐकल्यावर शीर्षक बदलण्यास फारसा वेळ लागत नाही.

त्याच २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे लक्षात घेता अलीकडे फवारलेल्या वावरात नाक पानाला लावून श्वास रोखण्याचा अभ्यास करू नये. आधी मालकाला विचारावे. तो औषध कधी मारले ते सांगतो, कोणत्या ओळीत काय बसले आहे तेही सांगतो, आणि हे दुसरे ज्ञान कोणत्याही लेन्सबरोबर मिळत नाही.

येत्या हंगामात जे वाचक कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन कपाशीत उतरणार असतील, त्यांना एवढीच विनंती, की डोमकळी दिसल्यास तिचे छायाचित्र हवी तितकी थप्पी लावून खुशाल काढावे. पण काम झाल्यावर ती तशीच झाडावर सोडून जाऊ नये, मालकाला दाखवून तोडावी आणि आतल्या अळीसकट नष्ट करावी.